भाच्याच्या पर्यटक व्हिसासाठी ऑस्ट्रेलियात बाँड भरावा का?

यारातीर (मेलबर्न)

मी अनेक वर्षांपासून मेलबर्नच्या पश्चिम उपनगरात राहतो आणि ऑस्ट्रेलियाचा नागरिक आहे. येत्या डिसेंबरात माझ्या मुलीचे लग्न येथेच होणार आहे. तिला सख्खा भाऊ नसल्यामुळे लाजाहोमात लाह्या घालण्याचा आणि कानपिळीचा मान साताऱ्याच्या आतेभावाला, म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलाला द्यावा, असे घरात ठरले आहे. भाचा २६ वर्षांचा असून अविवाहित आहे. यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतल्यानंतर तो साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात कंत्राटावर होता. ते कंत्राट संपल्यापासून तो वडिलांचे कृषी सेवा केंद्र सांभाळतो. मागील वर्षी त्याने व्हिजिटर व्हिसाच्या टुरिस्ट स्ट्रीममध्ये, म्हणजे पर्यटकांच्या उपप्रकारात, अर्ज केला होता, परंतु अर्जदार खरोखरच तात्पुरत्या भेटीसाठी येत असल्याबद्दल समाधान झाले नाही, असे कारण देऊन तो नाकारण्यात आला.

आता साताऱ्यातील एका व्हिसा एजंटाने बहिणीला असे सांगितले आहे की, मामाने दहा हजार डॉलरचा बाँड, म्हणजे सरकारकडे ठेवायची अनामत, भरला तर व्हिसा नक्की मिळतो. आजच्या दराने ही रक्कम सहा लाख रुपयांच्या आसपास जाते. रक्कम उभी करणे मला अशक्य नाही, परंतु लग्नाच्या खर्चात ती अडकून पडणार असेल तर आधी नीट समजून घ्यावे असे वाटते. बाँड भरल्याने व्हिसा खरोखर निश्चित होतो का, तो कोणी आणि केव्हा भरावा, आणि काही कारणाने भाच्याचा मुक्काम लांबला तर काय होते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

याच्या जोडीने आणखी एक विचारणा आहे. वाईच्या शाळेपासूनचा माझा एक मित्र, जो मला भावाहून वेगळा नाही, त्यालाही लग्नासाठी बोलवायचे आहे. तो माध्यमिक शाळेत शिक्षक आहे आणि त्याने यापूर्वी परदेशी प्रवास केलेला नाही. त्याच्यासाठीही असाच बाँड भरता येईल का?

स्वानकाठ (पर्थ)

एजंटाने सांगितलेली गोष्ट चुकीची आहे, आणि ती ज्या पद्धतीने चुकीची आहे ते समजून घेतल्यास आपल्या बहुतेक प्रश्नांचा उलगडा होईल. आपण ज्या बाँडबद्दल विचारत आहात तो व्हिजिटर व्हिसाच्या (सबक्लास ६००) स्पॉन्सर्ड फॅमिली स्ट्रीममध्ये, म्हणजे येथील नातेवाइकाने स्पॉन्सर म्हणून हमी देण्याच्या उपप्रकारात, मागितला जातो. मार्च २०१३ पूर्वी यासाठी सबक्लास ६७९ असा स्वतंत्र व्हिसा होता. नंतर व्हिजिटर व्हिसाचे वेगवेगळे प्रकार ६०० या एकाच क्रमांकाखाली आणले गेले आणि हा त्यातील एक स्ट्रीम झाला. या स्ट्रीममध्येही अर्जदार खरोखर तात्पुरत्या भेटीसाठीच येऊ इच्छितो का, हीच कसोटी लावली जाते. मागील वर्षी भाच्याचा अर्ज ज्या कसोटीवर अडला, तीच कसोटी याही वेळी समोर उभी राहणार आहे. बाँड त्या कसोटीच्या ऐवजी येत नाही. तो तिच्या नंतर येतो.

प्रत्यक्षात क्रम असा असतो. भाच्याचा अर्ज आणि आपला स्पॉन्सरशिपचा अर्ज हे दोन्ही एकत्र विचारात घेतले जातात. अधिकाऱ्याला बाकी सर्व बाबी पटल्या आणि व्हिसा देण्याकडे त्याचा कल झाला, की तो आपल्याला लेखी कळवतो की अमुक इतकी अनामत भरा. रक्कम तो ठरवतो, आपण नव्हे. ती सामान्यतः माणशी पाच हजार ते पंधरा हजार ऑस्ट्रेलियन डॉलर इतकी असते. त्यामुळे ‘दहा हजार भरले की झाले’ हे एजंटाला आधीच कसे ठाऊक, हा प्रश्न बहिणीने त्याला अवश्य विचारावा. असे पत्र हातात येण्यापूर्वी बाँडच्या नावाखाली कोणालाही एक पैसा देऊ नये. पत्र आले तर ती रक्कम आपण, म्हणजे स्पॉन्सरने, थेट सरकारी खात्याकडे जमा करावयाची असते. साताऱ्यातील कोणत्याही कार्यालयाचा तिच्याशी संबंध येत नाही. ऑस्ट्रेलियात पैसे घेऊन व्हिसाविषयक सल्ला देणारी व्यक्ती नोंदणीकृत मायग्रेशन एजंट किंवा वकील असावी लागते. भारतात बसलेल्या एजंटावर तसे बंधन नाही, त्यामुळे त्याच्या खात्रीला किती किंमत द्यायची हे आपण ठरवावे.

स्पॉन्सर होण्यासाठी आपण १८ वर्षांवरील आणि ऑस्ट्रेलियाचे नागरिक किंवा कायम रहिवासी असणे, तसेच येथे स्थिरावलेले असणे आवश्यक आहे; स्थिरावलेले याचा अर्थ सामान्यतः किमान दोन वर्षांचे वास्तव्य असा घेतला जातो. आपल्याला त्यात अडचण दिसत नाही. नात्याच्या बाबतीत आईवडील, मुले, पती-पत्नी, सख्खी व सावत्र भावंडे, आजी-आजोबा, नातवंडे, काका-मामा-आत्या-मावशी आणि पुतणे-भाचे यांचा समावेश होतो. मामाने भाच्याला स्पॉन्सर करणे नियमात बसते.

आता जबाबदारीबद्दल. स्पॉन्सरशिपवर सही करताना आपण दोन गोष्टींची हमी देता: भाच्याच्या मुक्कामातून ऑस्ट्रेलिया सरकारचे जे काही देणे निर्माण होईल ते आपण भागवाल, आणि तो व्हिसाच्या सर्व अटी पाळेल. या अटींपैकी चार महत्त्वाच्या आहेत. ८१०१ नुसार त्याला येथे काम करता येणार नाही. ८२०१ नुसार तीन महिन्यांहून अधिक शिक्षण घेता येणार नाही. ८५३१ नुसार मुदत संपल्यावर एक दिवसही थांबता येणार नाही. आणि ८५०३, जिला सगळे ‘नो फर्दर स्टे’ म्हणून ओळखतात, तिच्यानुसार येथे असताना त्याला दुसऱ्या व्हिसासाठी अर्ज करता येणार नाही. आश्रयाचा अर्ज हा त्याला मुख्य अपवाद. टुरिस्ट स्ट्रीममध्ये ८५०३ लागू करायची की नाही हे अधिकाऱ्यावर असते. स्पॉन्सर्ड फॅमिलीमध्ये ती लागतेच.

यापैकी कोणतीही अट मोडली तर बाँड जप्त होतो. यात केवळ मुदतीनंतर राहणे येत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ओळखीच्या कोणाच्या रेस्टॉरंटमध्ये आठवडाभर ‘मदत’ करून रोख पैसे घेणे, हेदेखील ८१०१ चा भंग आहे. पैशाहून मोठी गोष्ट अशी की, त्यानंतर पाच वर्षे आपल्याला या स्ट्रीममध्ये अन्य कोणालाही स्पॉन्सर करता येत नाही. उद्या बहिणीला किंवा मेहुण्यांना याच मार्गाने बोलवायचे झाले, तर भाच्याच्या एका चुकीपायी तो मार्ग आपल्यासाठी बंद झालेला असेल. स्वतः भाच्यावर होणारा परिणामही गंभीर आहे: मुदत संपल्यानंतर २८ दिवसांहून अधिक काळ तो येथे राहिला, तर त्याला पुढील तीन वर्षे तात्पुरत्या स्वरूपाचे बहुतेक व्हिसा मिळणार नाहीत.

नेकारतीर (स्टुटगार्ट)

मित्राच्या प्रश्नावर थोडे लिहितो, कारण मी जर्मनीतून मित्राला बोलावण्याचा मार्ग जवळून पाहिला आहे आणि तो ऑस्ट्रेलियाच्या अगदी उलट आहे. येथे यजमानाला स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन ‘फेरफ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग’ नावाचे हमीपत्र द्यावे लागते. निवास कायद्याच्या कलम ६६ ते ६८ मध्ये त्याची तरतूद आहे आणि त्याचे शुल्क २९ युरो आहे. पाहुणा नात्यातलाच असला पाहिजे अशी अट नाही. मित्र, शेजारी, जुना सहकारी, कोणीही चालतो. कार्यालय यजमानाचे उत्पन्न तपासते, आणि ते पुरेसे असेल तर सहसा रोख अनामत मागितली जात नाही. मात्र पाहुण्याच्या राहण्या-खाण्याचा, आजारपणाचा, प्रसंगी त्याला परत पाठवण्याचाही खर्च सरकारला करावा लागला, तर तो यजमानाकडून वसूल होतो. म्हणजे पैसे आधी भरावे लागत नाहीत, पण सहीचे ओझे कमी असते असे नाही.

ऑस्ट्रेलियात मात्र, माझ्या माहितीप्रमाणे, मैत्रीच्या नात्याने स्पॉन्सर होता येत नाही. येथील जाणकारांनी खुलासा करावा.

स्वानकाठ (पर्थ)

नेकारतीर यांचे म्हणणे बरोबर आहे. शाळूमित्रासाठी स्पॉन्सर्ड फॅमिली स्ट्रीम उपलब्ध नाही, मग आपण कितीही रकमेची तयारी दाखवा. आपण ज्यांना सहजपणे भाऊ म्हणतो त्या चुलत, मामे, मावस आणि आते भावंडांचाही नात्यांच्या यादीत समावेश नाही, हेही येथे नोंदवून ठेवतो, कारण त्यावरून पुष्कळांचा गैरसमज होतो. आपल्याच घरातील उदाहरण घ्यायचे तर, भाच्याला मामा स्पॉन्सर करू शकतो. परंतु ज्या मुलीच्या लग्नासाठी तो येणार ती त्याची मामेबहीण असल्यामुळे, ती येथील नागरिक असली तरी तिला करता येणार नाही.

मित्रासाठी टुरिस्ट स्ट्रीम हाच मार्ग आहे, आणि खरे सांगायचे तर त्याच्यासाठी तोच अधिक चांगला आहे. नोकरीत असलेल्या शिक्षकाकडे मायदेशी परत जाण्याची कारणे कागदावर दाखवता येतात: नियुक्तिपत्र, पगाराच्या पावत्या, शाळेने मंजूर केलेली रजा, शिक्षण विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र, घर व कुटुंब. नाताळाच्या सुट्टीत त्याला फार दिवस मिळणार नाहीत, ही गोष्ट या अर्जात त्याच्या बाजूची ठरते. दोन-तीन आठवड्यांची मागणी करणारा शिक्षक अधिकाऱ्याला पटतो. आपण निमंत्रणपत्र द्यावे, राहण्याची सोय आपल्याकडे असल्याचे लिहावे, आणि खर्च आपण करणार असाल तर आपल्या उत्पन्नाचा पुरावा जोडावा. असे निमंत्रणपत्र म्हणजे स्पॉन्सरशिप नव्हे. त्यामुळे पाच वर्षांची बंदी वगैरे परिणाम त्याला चिकटत नाहीत.

पॅरामॅटा_जुना (सिडनी)

स्वानकाठ यांनी नियम नेमकेपणाने मांडले आहेत, परंतु भाच्यासाठी लगेच स्पॉन्सर्ड फॅमिलीकडे वळावे, असा जो सूर या चर्चेत लागत आहे, त्याच्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. आधी नकाराचे पत्र पुन्हा वाचावे. त्यात कायद्याच्या कलमांखाली अधिकाऱ्याने अर्जदाराच्या परिस्थितीबद्दल जे दोन-तीन परिच्छेद लिहिलेले असतात, तेच महत्त्वाचे. नोकरी नाही म्हणून नाकारले, की उत्पन्नाचा पुरावा अपुरा होता, की बँक खात्यात अर्जाच्या आधी एकदम मोठी रक्कम आली होती, की यापूर्वीचा परदेश प्रवास नाही, यावर पुढचा मार्ग ठरतो.

माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक प्रकरणांत दोष उमेदवारात नव्हता, तो अर्जाच्या मांडणीत होता. घरचे कृषी सेवा केंद्र सांभाळणारा तरुण अर्जात ‘बेरोजगार’ असे लिहितो, कारण त्याला पगाराची पावती मिळत नाही. वास्तविक त्या दुकानाचा खत, बियाणे आणि कीटकनाशक विक्रीचा परवाना असतो, जीएसटी नोंदणी असते, वडिलांचे आयकर विवरणपत्र असते, आणि मुलगा तेथे काय काम करतो हे वडील प्रतिज्ञापत्रावर लिहून देऊ शकतात. रब्बीच्या हंगामात दुकान बंद ठेवता येत नाही, म्हणून तो अमुक तारखेला परत जाणार आहे, हे एक वाक्य पन्नास लाखांच्या सातबाऱ्यापेक्षा अधिक बोलके असते. सातबारा आणि आठ-अ हे उतारे जोडावेतच, परंतु ते आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असतील तर भाच्याचा त्यांच्याशी असलेला संबंध वेगळा दाखवावा लागतो. नुसती जमीन आहे म्हणून माणूस परत जातो, असे अधिकारी गृहीत धरत नाही.

आणि लग्नातील त्याची भूमिका निमंत्रणपत्रात लिहा. लाजाहोम म्हणजे काय, त्या वेळी वधूच्या भावाने काय करायचे असते, मुलीला भाऊ नसल्यामुळे हा मान आतेभावाकडे का आला, हे चार ओळींत सांगितले तर याच मुलाने याच तारखांना का यावे, हे स्पष्ट होते. लग्नाच्या सभागृहाच्या आरक्षणाची पावती आणि पत्रिका सोबत जोडावी.

एवढे सगळे करून टुरिस्ट स्ट्रीममध्ये पुन्हा अर्ज करणे हा एक पर्याय आहे. यात आपला पैसा अडकत नाही आणि आपल्यावर हमीची जबाबदारी येत नाही. दुसरा पर्याय स्पॉन्सर्ड फॅमिलीचा. त्याचा खरा उपयोग अशा अर्जात होतो जेथे कागद बऱ्यापैकी भक्कम आहेत, परंतु वय, अविवाहित असणे आणि पहिलाच प्रवास यांमुळे अधिकाऱ्याच्या मनात थोडी शंका उरते. तेथे मामाची हमी तराजूचे पारडे झुकवू शकते. कागदच कमकुवत असतील तर बाँड मागण्याची वेळच येत नाही, थेट नकार येतो. म्हणून दोन्ही मार्गांत काम तेच करायचे आहे.

नकार आला तर पुढे काय, याबद्दलही सांगतो. स्पॉन्सर्ड फॅमिलीचा अर्ज नाकारला गेला तर स्पॉन्सरला पुनर्विलोकनासाठी दाद मागता येते. हे काम ऑक्टोबर २०२४ पासून प्रशासकीय पुनर्विलोकन न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एआरटीकडे आहे. परंतु तेथील शुल्क हजारो डॉलरमध्ये जाते आणि डिसेंबरच्या लग्नासाठी तो निकाल वेळेवर येईल, अशी आशा धरू नये. नव्याने नीट अर्ज करणेच व्यवहार्य ठरते.

यारातीर (मेलबर्न)

आपणा सर्वांचे आभार. नकाराचे पत्र मागवून वाचले. त्यात पॅरामॅटा_जुना म्हणतात तसेच लिहिले आहे: अर्जदाराला नोकरी नाही, स्वतःचे उत्पन्न नाही आणि भारतात परतण्यासाठी सबळ कारण दाखवलेले नाही. दुकानाचा एकही कागद अर्जासोबत नव्हता. उलट त्याच्या खात्यात अर्जाच्या काही दिवस आधी चार लाख रुपये जमा झालेले दिसतात. ती व्यवस्था त्याच एजंटाने करून दिली होती, असे आता कळते.

मला अजूनही स्पॉन्सर्ड फॅमिलीचा मार्ग योग्य वाटतो, कारण एकदा नकार आलेला आहे आणि या वेळी मामा म्हणून मागे उभे राहावे अशी माझीही भावना आहे. त्यावर दोन शंका आहेत. एक म्हणजे, माझा आणि भाच्याचा नातेसंबंध कागदोपत्री कसा सिद्ध करावा? बहिणीचे लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदलले, आणि आमच्या दोघांच्याही जन्माची नोंद गावी नीट झाली होती की नाही याबद्दल मला खात्री नाही. दुसरी शंका पैशाची आहे. मेहुणे म्हणतात की बाँडची रक्कम ते मुदतठेव मोडून भारतातून पाठवतील, कारण मुलगा त्यांचा आहे. मला ते घ्यावेसे वाटत नाही, पण तसे चालते का?

कृष्णाथडी (सांगली)

मी भारतातूनच लिहीत आहे. माझे काम दस्तऐवजांचे असल्यामुळे पहिल्या शंकेपुरते सविस्तर सांगतो.

आपल्या बाबतीत नात्याची साखळी चार दुव्यांची आहे: आपला जन्म, बहिणीचा जन्म, बहिणीचा विवाह आणि भाच्याचा जन्म. आपल्या आणि बहिणीच्या कागदावर आईवडिलांची नावे सारखी दिसली पाहिजेत. बहिणीच्या विवाहाच्या कागदावर माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे दिसली पाहिजेत. आणि भाच्याच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव सासरच्या नावाने असले पाहिजे. यातला एक दुवा जरी गळाला, तरी आपण मामा असल्याचे केवळ आपल्या म्हणण्यावर राहते.

ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जुनी जन्मनोंद सापडते का, हे आधी पाहावे; पुष्कळदा बाळाचे नाव न घालता फक्त ‘मुलगी’ आणि वडिलांचे नाव अशी नोंद असते, तीही उपयोगी पडते. नोंद नसेल तर ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला घ्यावा आणि त्याच्या जोडीला शाळा सोडल्याचा दाखला द्यावा. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव हमखास असते, आईचे नाव जुन्या दाखल्यांवर नसण्याची शक्यता मोठी. तेथे जुनी शिधापत्रिका कामी येते, कारण तिच्यात सगळे कुटुंब एकाच पानावर असते. वडील हयात नसतील आणि सातबाऱ्यावर वारसनोंद झाली असेल, तर त्या फेरफाराच्या उताऱ्यात आपले आणि बहिणीचे नाव एकाच मृत व्यक्तीचे वारस म्हणून आलेले असते. शेतीच्या कामासाठी केलेला हा कागद भावंडांचे नाते सिद्ध करायला फार चांगला पुरावा आहे, हे कोणाच्या मनातही येत नाही.

बहिणीचा विवाह नोंदवलेला नसेल तर आता नोंदणी करून घेता येते. लग्नात तिचे पहिले नावही बदलले असल्यामुळे राजपत्रात नावबदल प्रसिद्ध झाला आहे का ते पाहावे. नसेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करावे. पासपोर्टवर मधले नाव कोठे पडले आहे, तेही तपासावे. कोणाच्या पासपोर्टवर वडिलांचे नाव स्वतःच्या नावाला जोडून असते, कोणाच्या नसते, आणि इंग्रजी स्पेलिंग तर दर कागदाला बदलते. अशा फरकांची एक छोटी टीप सोबत जोडली तर अधिकाऱ्याला अडखळावे लागत नाही. मराठीतील प्रत्येक कागदाचे इंग्रजी भाषांतर मूळ कागदासह द्यावे लागते. ऑस्ट्रेलियात करवून घेतल्यास ते नाटी या संस्थेच्या प्रमाणित भाषांतरकाराकडून असावे, भारतात केल्यास भाषांतरकाराने आपले नाव, पत्ता आणि पात्रता लिहून सही करावी.

त्या चार लाखांबद्दल मात्र सावध करतो. उसने आणून खात्यात ठेवलेले पैसे स्वतःचे म्हणून दाखवणे ही लबाडी आहे, आणि ऑस्ट्रेलियाच्या नियमांत खोटा कागद किंवा दिशाभूल करणारी माहिती दिल्याचे आढळले तर तीन वर्षे पुढचे अर्ज नाकारले जाण्याची तरतूद आहे. नव्या अर्जात तो प्रकार पुन्हा करू नये, आणि त्या एजंटाला पुन्हा हात लावू देऊ नये.

स्वानकाठ (पर्थ)

पैशाच्या शंकेबद्दल. सरकारी खात्याच्या दृष्टीने बाँड भरणारी व्यक्ती म्हणजे स्पॉन्सर. आपल्याला ती रक्कम मेहुण्यांनी दिली की आपण बचतीतून काढली, हा कुटुंबातील व्यवहार आहे. जप्ती आली तर ती आपल्या नावाने येणार आणि पाच वर्षांची बंदीही आपल्यावरच येणार. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत निवासी भारतीयाला आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात, तेव्हा मेहुण्यांना अडथळा नाही. परंतु मुदतठेव मोडण्याचे नुकसान, दोन वेळा चलन बदलण्याचे नुकसान आणि बाँडवर न मिळणारे व्याज असे सगळे जमेस धरले, तर रक्कम आपण येथूनच भरावी हे सोपे पडते. एक व्यक्तिगत मत: मेहुण्यांना काही करायचेच असेल तर त्यांनी मुलाचा वैद्यकीय विमा आणि परतीचे तिकीट काढावे. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात आरोग्यसेवेचा परस्पर करार नसल्यामुळे त्याला मेडिकेअर, म्हणजे येथील सरकारी आरोग्यसेवा, मिळणार नाही, आणि येथील रुग्णालयाचे एका रात्रीचे बिलही हजारो डॉलरवर जाऊ शकते.

आपल्या पहिल्या संदेशातील एका प्रश्नाचे उत्तर राहून गेले होते: मुक्काम लांबला तर काय? ८५०३ असल्यामुळे मुदतवाढीचा अर्ज येथून करता येत नाही. व्हिसा मिळाल्यानंतर त्याच्या हाताबाहेरची, त्याच्या परिस्थितीत मोठा बदल घडवणारी आणि सहानुभूतीने पाहावी अशी सबळ घटना घडली, उदाहरणार्थ प्रवास करता येणार नाही असा अपघात, तरच ती अट शिथिल करण्याची विनंती करता येते. आणि ती मुदत संपण्यापूर्वीच करावी लागते. लग्नानंतर चार दिवस सिडनी पाहून येऊ, तिकीट स्वस्त मिळाले म्हणून पुढच्या आठवड्यात जाऊ, ही कारणे त्यात बसत नाहीत. म्हणून अर्जातच लग्नाच्या पुढे पुरेसे दिवस मागून ठेवावेत आणि परतीचे तिकीट व्हिसाच्या शेवटच्या दिवसाचे कधीही काढू नये. विमान रद्द झाले तर पंचाईत होते.

पॅरामॅटा_जुना (सिडनी)

कागद आता इतके नीट होणार असतील तर माझा आधीचा विरोध मी मागे घेतो. स्पॉन्सर्ड फॅमिलीचाच अर्ज करा. फक्त भाच्याशी स्वतः फोनवर बोला, बहिणीमार्फत नको. २६ वर्षांच्या मुलाच्या मनात येथे राहून जाण्याचा विचार असेल तर तो आईला सांगणार नाही, मामाला कदाचित सांगेल. तसे असेल तर त्यात गैर काही नाही. त्याने विद्यार्थी किंवा कुशल कामगाराच्या व्हिसाची वाट रीतसर धरावी, लग्नाच्या व्हिसाची नव्हे. त्याचे उत्तर ऐकूनच फॉर्म ११४९ वर, म्हणजे स्पॉन्सरशिपच्या अर्जावर, सही करा.

यारातीर (मेलबर्न)

काल रात्री बोललो. त्याला पुढच्या वर्षी दुकानाच्या जोडीला ठिबक सिंचनाची एजन्सी घ्यायची आहे आणि जानेवारीत त्यासंबंधी पुण्यात बैठक ठरली आहे. त्या कंपनीचे पत्र अर्जासोबत लावता येईल, असे तो म्हणाला. बाँड परत मिळवण्यासाठी काय करावे लागते, एवढेच आता विचारायचे राहिले.

स्वानकाठ (पर्थ)

ते पत्र अवश्य लावा. बाँडच्या परताव्यासाठी पैसे भरल्याची पावती आणि सरकारी खात्याचे पत्र जपून ठेवा. भाचा मुदतीच्या आत, अटी पाळून देशाबाहेर गेला की आपण स्वतः लेखी परतावा मागा. तो आपोआप बँक खात्यात येईल असे समजून बसू नका. त्याचे जाण्याच्या दिवशीचे बोर्डिंग पास आणि भारतात उतरल्याचा पासपोर्टवरील शिक्का यांचे छायाचित्र त्याच दिवशी मागवून घ्या. रक्कम मूळ आकड्यानेच परत येते, व्याज मिळत नाही. व्हिसा मिळूनही त्याने प्रवासच केला नाही, तरी परतावा मागता येतो.